कुंकवाचा कण आणि खोल समुद्र

"तीन? फक्त तीन?" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की आबांच्या कपातला चहा बशीत सांडला.

दसऱ्याची दुपार होती. चार वाजता लातूरच्या आमच्या घरात बसून मी समुद्राच्या तळाशी एक यंत्रखेकडा चालवणार होते. अख्ख्या जिल्ह्यातून माझी एकटीची निवड झाली होती, आणि समुद्र तर मी अजून डोळ्यांनीही पाहिला नव्हता. पण इंटरनेटचा वेग किमान पाचशे एमबीपीएस हवा, नाहीतर संधी दुसऱ्याला, असं खेकडा चालवायला देणाऱ्या समुद्र संशोधन केंद्रानं बजावलं होतं. काल वेग नऊशेच्या वर होता आणि आज तीन!

"हा राउटरच (आलेलं इंटरनेट घरभर बिनतारी पोचवणारं यंत्र) मेलाय!" मी रडकुंडीला आले.

"उगाच कुणावर आळ घेऊ नकोस, मैथू," आबा म्हणाले. माझ्या या आजोबांनी जन्मभर प्रकाशतंतूंवर (प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तारांवर) संशोधन केलं होतं. "मधला राउटर काढू आणि लाइन थेट संगणकात खोचू. वेग वाढला, तर दोष राउटरचा. नाही वाढला, तर लाइनचा."

हल्लीच्या संगणकांना प्रकाशतंतूची खाच असतेच. आबांनी तार खोचली. मी देवाचं नाव घेऊन चाचणी लावली. आकडा आला, तीन.

मी हादरलेच. "अरे देवा! म्हणजे लाइनच गेली! आता सणाच्या दिवशी कोण येणार दुरुस्तीला?"

"लाइनीला टोकही असतं बाळा." आबांनी तार उपसली. मी डोकावायला गेले, तर त्यांनी मला मागे ओढलं. "टोकात कधीही डोळा घालायचा नाही! आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो."

त्यांनी टोक सूक्ष्मदर्शक कॅमेऱ्यासमोर धरलं. पडद्यावर एक मोठा गोल उमटला आणि त्याच्या बरोबर मध्ये लालभडक धोंडा!

"कुंकू?" आबांचा आ वासलेलाच राहिला.

आबांनी, मी आणि आरडाओरडा ऐकून आलेल्या आईनं बंब्याकडे पाहिलं. आमचा हा घरकाम करणारा रोबो पूजेचं तबक घेऊन कोपऱ्यात उभा होता.

"आई म्हणाल्या, घरात जे जे राबतं, त्याला हळदीकुंकू लाव," तो म्हणाला. "मिक्सरला लावलं, सायकलला लावलं. इंटरनेटसाठी हे टोक राबतं. म्हणून तार काढली, टोकाला लावलं, परत बसवली."

आईनं कपाळावर हात मारला. मी तर संतापून उभीच राहिले. "अरे शहाण्या, माझा समुद्र घालवलास ना!"

"थांब गं, काही गेलेलं नाही," आबा टोक पुसता पुसता म्हणाले. "तंतूतली प्रकाशाची वाट केसाहूनही कितीतरी बारीक असते. तिच्या तोंडावर कुंकवाचा कण म्हणजे बोगद्याच्या तोंडावर कोसळलेली दरड. थोडा प्रकाश कसाबसा निसटतो, पण निरोप तुटके पोचतात. मग तेच ते पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात आणि वेग कोसळतो."

पुन्हा थेट जोडलं. नऊशे चाळीस! मी आबांना मिठीच मारली.

चार वाजता माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर खेकड्यानं पाय उचलला. वाळू उसळली. एक चपटा मासा वाळूतून उठला आणि थेट माझ्याकडे बघत राहिला. मी श्वास घ्यायलाच विसरले.

"याला म्हणायचं सीमोल्लंघन," आबा म्हणाले.

मी आनंदानं मागे वळले, तेव्हा माझं लक्ष गेलं. मिक्सरला कुंकू होतं, सायकलला होतं, पंख्यालाही होतं. बंब्याचं कपाळ मात्र कोरंच.

"आणि तुला रे?"

"मला लाव, असं कुणी सांगितलं नाही."

दिवसभर घरात सगळ्यात जास्त तोच राबला होता. मी त्याच्या हातातलं तबक घेतलं आणि कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाजवळ नेलं. तो घाबरून मागे सरला.

"इथं टोक नाही ना? वेग कमी होईल."

"नाही होत," मी म्हणाले. "हलू नकोस."