सहा चाळीसची गाडी

ऑफिसात तिला हादरेबाई म्हणत, कारण तिचं कामच हादरे मोजण्याचं. जेवणाच्या डब्याएवढी एक पोलादी पेटी, खाली तीन टोकदार पाय, मागे एक वायर. ही पेटी लोकांच्या घरी बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवायची आणि आठ दिवसांनी उचलायची. मधल्या काळात दार आपटलं, बाहेरून ट्रक गेला, कुणी पलंग सरकवला, की पेटीत रेघ उमटायची. शहरातली लाइट रेल, म्हणजे रुळांवरची हलकी गाडी, आता उपनगरापर्यंत न्यायची होती. त्याआधी गाडीच्या वाटेवरच्या प्रत्येक घराची जमीन आजच्या घडीला किती हलते याची नोंद हवी होती. कशासाठी? उद्या गाडी सुरू झाली आणि कुणाची भिंत तडकली, तर 'तुमचं घर आधीपासूनच हलत होतं' असं म्हणून हात झटकायला कागद लागतो, त्यासाठी. लोकांना वाटायचं, बाई आपल्या काळजीनं आली आहे. ते तिला पाणी द्यायचे, खुर्ची द्यायचे. ती पाणी पिऊन पुढच्या घरी जायची.

शहरातून त्या उपनगराकडे एकच रस्ता. लांबी अकरा किलोमीटर, संध्याकाळी वेळ दोन तास. गाडीची घोषणा होऊन अठरा वर्षं झाली होती. दर निवडणुकीला नकाशा नव्यानं छापला जायचा, रंग बदलायचा, रेघ तीच. तेवढ्या काळात उपनगरात शंभर इमारती उठल्या, प्रत्येकीच्या पोटात दोनशे मोटारी, आणि त्या सगळ्या सकाळी एकाच रस्त्यावर ओतल्या जायच्या. तिथल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य बसून गेलं होतं. 'गाडी आली की.' कोपऱ्यावरचा शिंपी गाडी आली की दुकान वाढवणार होता. त्याची मुलगी गाडी आली की शहरातलं कॉलेज धरणार होती, ती आता दोन पोरांची आई झाली होती. माणसांनी जगणं पुढे ढकललं होतं आणि नकाशे छापणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

यादीतलं सतरा नंबरचं घर हादरेबाईच्या वडिलांचं होतं. हे तिनं ऑफिसात सांगितलं नाही. वडील निवृत्त बस-ड्रायव्हर, एकतीस वर्षं ह्याच रस्त्यावर. "बस चालवली कमी, उभी जास्त केली," असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. आई जाऊन सात वर्षं झाली होती. तेव्हापासून ते एकटेच.

"म्हणजे आता घराची नाडी बघणार तू," पेटीकडे वाकून बघत ते म्हणाले.

"हात लावू नका हं बाबा. खुर्ची पण सरकवू नका इकडे."

"न्यायला कधी येशील?"

"पुढच्या रविवारी."

"मधे नाही?"

"दोन तास यायला, दोन जायला. कसं जमेल, सांगा बरं. गाडी आली की रोज येईन. साडेपाचला ऑफिस सुटलं की सातच्या आत इथे."

"रोज?"

"रोज. कंटाळाल तुम्ही मला."

"मी कशाला कंटाळतोय," म्हातारा म्हणाला, आणि मान हलवली. वेळापत्रक हातात पडल्यावर हलवायचा तशी. वेळापत्रकानं ह्या माणसाला एकतीस वर्षं रोज फसवलं होतं, पण त्याचा त्यावरचा भरवसा काही गेला नव्हता.

आठ दिवसांनी तिनं पेटी आणली आणि ऑफिसात रेघा उघडल्या. सोळा आणि अठरा नंबरच्या घरांत नेहमीचंच, दारं आणि ट्रक. सतरामध्ये संध्याकाळी सहा चाळीसला रेघ आधी बारीक थरथरली, मग फुगत गेली, मग तिला एकसारख्या अंतराची टोकं फुटली. चाकांच्या जोड्या. पुढे ब्रेकची खरखर. मग वीस सेकंद सपाट, आणि पुन्हा तेच उलट्या क्रमानं. शहरातल्या रुळांशेजारी तिनं सहा वर्षं पेटी ठेवली होती. ही रेघ तिनं झोपेतही ओळखली असती. एक गाडी आली होती, थांबली होती, पुढे गेली होती. आठ दिवसांत आठ वेळा.

तिनं पाण्याचा पंप तपासला, शेजाऱ्यांचं कपडे धुण्याचं मशीन तपासलं, रस्त्याच्या कामाचा रोलर कुठे आहे ते फोन करून विचारलं. मग साहेबांकडे गेली.

"हादरेबाई," साहेब म्हणाले, "रूळ नाहीत, खांब नाहीत, साधा खड्डा नाही. गाडी कुठली आणता?"

"मी नाही आणत, साहेब. पेटी म्हणतेय."

"मग पेटी बदला. आणि हे वर कुणाला दाखवू नका. आपल्यालाच वेड्यात काढतील."

तिनं पेटी बदलली. नवी पेटी, नवी वायर, पुढचे आठ दिवस. सहा चाळीसची गाडी आठही दिवस आली. ह्या वेळी तिनं गाडी गेल्यानंतरची रेघ मोठी करून पाहिली. गाडीनंतर सहा मिनिटांनी बारीक बारीक ठोके होते. ओळीनं, पायरीपासून बाहेरच्या खोलीपर्यंत, तिथून स्वयंपाकघरात. पावलं.

बाबा सपाता फरफटत चालतात. त्यांची रेघ तिला पाठ होती. ही त्यांची नव्हती.

खरं सांगायचं तर भीतीबरोबर तिला आनंदही झाला. आई! पण आईची चाल चुटूचुटू, दोन्ही पाय सारखे. ह्यात एक पाऊल जड होतं आणि एक हलकं. जड, हलकं. जड, हलकं. मग जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना, तिनं पेटी फरशीवर ठेवली आणि तिच्यासमोरून चालत गेली. परत आली. पुन्हा गेली. एकोणीस वर्षांची असताना, त्याच रस्त्यावर, भरलेल्या बसच्या पायरीवरून ती पडली होती. उजवा घोटा वाकडा बसला तो बसलाच. तेव्हापासून अंगाचं सगळं ओझं ती डाव्या पायावर टाकायची.

तिनं एका रेघेवर दुसरी रेघ ठेवली. स्क्रीनवर दोन होत्या, दिसत एकच होती.

रविवारी ती पेटी पुन्हा लावायला गेली. लावायची गरज नव्हती, साहेबांना तिनं खोटं कारण दिलं होतं. बाबांनी पेपरातलं कोडं पूर्ण सोडवलं होतं, नळाचा वायसर बदलला होता, गॅसचा नंबर कधी लावला ते तारखेसकट सांगितलं. डोकं ठणठणीत होतं म्हाताऱ्याचं.

"बाबा, संध्याकाळी कोण येतं इथे?"

"कोण येणार? तू येतेस."

"मी रविवारी येते."

"रविवारी पण येतेस."

तिनं आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "काय करतो आपण संध्याकाळी?"

"काय करणार? तू चहा टाकतेस. मग बसतेस इथे. परवा सांगितलंस की, साहेबानं पेटी बदलायला लावली. मग म्हणे, फरशीवर एकटीच मागेपुढे चालत बसलीस. मी हसलो केवढा." आत्ताही ते हसले.

फरशीवर चालल्याचं तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

"आणि मी परत कधी जाते, बाबा?"

असं कुणी विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "जाशील की. घाई काय आहे?" मग तिच्याकडे बघून हळूच म्हणाले, "रविवारची तू सारखी घड्याळ बघतेस. ती नाही बघत."

"ती कोण?"

"तूच गं." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "संध्याकाळची."

इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा इतका निवांत तिनं पाहिला नव्हता. गालावर थोडं मांसही चढलं होतं. घरी परतताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि तिला कळेना, आपल्याला भीती वाटते आहे की हेवा.

दुसऱ्या दिवशी तिनं सोळाच्या सोळा दिवस पुन्हा तपासले. आत येणारी पावलं रोज होती. बाहेर जाणारी एकाही दिवशी नव्हती.

त्याच आठवड्यात उपनगराच्या तोंडाला पुन्हा पानं पुसली गेली. शेवटचे तीन थांबे 'पुढच्या टप्प्यात' गेले. वर बसलेल्या कुणीतरी सही केली, आणि त्या सहीला शाई लागली तेवढाच काय तो खर्च. त्याऐवजी उड्डाणपूल होणार होता, म्हणजे कोंडी आता दोन मजली होणार होती. शिंप्यानं दुकानावरचा 'लवकरच मोठ्या जागेत' हा बोर्ड उतरवला आणि त्याची मागची बाजू कापड कापायला घेतली. साहेबांनी सगळ्या पेट्या गोळा करायला सांगितल्या.

"सतराची तेवढी राहिली आहे," ते म्हणाले. "आणि हादरेबाई, आता तरी गाडी बंद झाली ना तुमची?"

तिनं सकाळीच बघितलं होतं, सतराची रेघ ऑफिसातून दिसायची सोय तिनं करून घेतली होती. काल गाडी आली होती. सहा चाळीसला. पावलं पण आली होती.

मंगळवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी जाऊन पिशवी भरली. चार दिवसांचे कपडे, टॉवेल, दात घासायचा ब्रश, फोनचा चार्जर. गाडी येणार नव्हती. मग 'गाडी आली की' म्हणायचं तरी कुणाच्या जिवावर? रोज चार तास जातील तर जातील. लोक घालवतातच. आपला बाप आहे, थांबा नाही की रद्द झाला म्हणून पुढे निघून जावं. हे सगळं तिनं बसमध्ये चढताना मनाशी म्हटलं आणि तिला फार दिवसांनी हलकं वाटलं.

बस चारला निघाली.

पाचला ती चौथ्या किलोमीटरला होती. सहाला नवव्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि पेपर उघडला. पुढे कुठेतरी कुणीतरी कुणाला तरी घासलं होतं. शेजारची बाई फोनवर सांगत होती, "भाजी तूच टाक, मी काही येत नाही आता." सव्वासहाला हादरेबाई उतरली आणि मोटारींच्या मधून चालू लागली. घोटा दुखायला लागला. पिशवी गुडघ्यावर आपटत होती.

सहा चाळीसला ती चौकात पोचली.

तळपायाला आधी मुंग्या आल्यासारखं झालं. मग डांबर थरथरलं. जोडी, जोडी, जोडी. आजूबाजूला शे-दोनशे हॉर्न वाजत होते. कुणीही खाली पाहिलं नाही.

थरथर थांबली. ती मनात मोजत उभी राहिली. वीस.

गाडी पुढे गेली.

मग ती धावली. वाकड्या पायानं, चाळिशी उलटलेल्या अंगानं, लोक वळून बघतील अशी धावली. तरी पाऊण किलोमीटर होतं आणि मधे सिग्नल होता. सहा पन्नासला तिनं बेल दाबली.

दार बाबांनीच उघडलं. धुतलेला शर्ट, पाण्यानं बसवलेले केस. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. अनोळखी पण भल्या माणसाकडे बघावं तसं.

"बोला. कोण हवंय आपल्याला?"

"बाबा, मी."

त्यांची नजर तिच्या घामाकडे गेली, मग पिशवीकडे. चेहरा मऊ झाला. धावत आलेल्या प्रवाशासाठी जन्मभर बस थांबवणारा माणूस होता तो.

"पेटी न्यायला आलात ना? मुलगी म्हणाली मला, कुणीतरी येईल म्हणून."

"मी... रस्त्यात अडकले होते."

"रस्ता तसाच आहे हो. मी एकतीस वर्षं काढली त्यात." त्यांनी दार पूर्ण उघडलं. "चालत आलेल्या दिसता. या, आत या. बसा जरा. आमची मुलगी आत्ताच आली, चहा टाकतेय. तुम्हीही घ्या घोटभर."

ती दाराजवळच्या खुर्चीवर टेकली, पाहुणे बसतात तशी, पिशवी मांडीवर घेऊन. बाबा समोर बसले. त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून, तिला लहानपणापासून ओळखीच्या असलेल्या आवाजात, हाक दिली.

"बाळ, पाहुण्या आल्यात गं."

आतून कपबश्या मांडल्याचा आवाज आला. एक. दोन. मग जरा थांबून, तिसरी.