पाळण्यावरची पन्हळ

चेंडू नीलम्मांच्या कौलांवर आपटला आणि घरंगळत पन्हळीत जाऊन अडकला. दोन छपरं जिथं कोनात मिळतात, तिथलं पाणी वाहून नेणारी ती पत्र्याची पन्हळ ठेकेदारानं कालच नवी म्हणून बसवली होती. त्याची शिडी अजून भिंतीला टेकलेली होती. खेळणाऱ्या पोरांपैकी धुळा आणि सिद्धप्पानं ती धरली, अन् महानंदा वर चढली.

चेंडू उचलताना तिचा हात पत्र्याला चिकटला. ओलं डांबर! तिनं जरा दाबून पाहिलं, तर बोट आरपार गेलं. डांबराखाली जुनाच गंजका पत्रा होता.

त्या पन्हळीच्या बरोबर खाली पाळणे टांगलेले असत. विडी कारखान्यात जाणाऱ्या बाया आपली लेकरं नीलम्मांकडे सोडून जात. गेल्या पावसाळ्यात गळून गळून भिंत भिजली होती आणि मातीचं ढेकूळ एका पाळण्याशेजारी पडलं होतं. म्हणून तर नवी पन्हळ हवी होती.

तिघांनी नीलम्मांना सांगितलं. पण ठेकेदार त्रिंबकरावांनी पोरांवरच आळ घातला. यांनीच वर चढून भोक पाडलं, म्हणाले. नीलम्माही मुलांनाच रागावल्या.

सिद्धप्पा रडकुंडीला आला. महानंदा मात्र हटली नाही. "एक भोक आमच्यावर ढकलतील. आख्खी पन्हळ कशी ढकलतील?"

संध्याकाळी बाया लेकरं न्यायला आल्या. त्रिंबकरावही आले होते. महानंदानं पाळणे बाजूला घेतले, त्या जागी खुर्ची ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काका, तुम्ही इथं बसा. आम्ही वरून पाणी ओततो. पन्हळ नवी असली तर थेंबही पडणार नाही."

बाया बघत होत्या. त्रिंबकराव हसत खुर्चीत बसले. नीलम्मांनी जरा विचार केला आणि होकारार्थी मान डोलावली. धुळा घागर घेऊन शिडी चढू लागला. शिडी करकरली, तसे त्रिंबकराव उठले आणि खुर्ची हळूच भिंतीकडे सरकवली.

त्या बायांमधल्या मल्लव्वानं आपलं बाळ खांद्यावर घेतलं. "का उठला वो? पन्हळ नवी हाय न्हवं?"

तेवढ्यात वरून पाणी आलं आणि आधी खुर्ची होती त्याच जागी धारा लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्रिंबकरावांना पन्हळ बदलायला लावून नीलम्मा स्वतः खाली उभ्या राहिल्या. जुना पत्रा काढताना त्याचे पापडासारखे तुकडे झाले. नवा रुंद पत्रा दोन्ही बाजूंच्या कौलांखाली नीट सारला गेला. मग महानंदानं घागरीमागून घागर ओतायला लावली. पाणी पन्हळीतून खळाळत अंगणात पडलं. आत जमीन कोरडी ठणठणीत.

"पोरांनो, मी तुम्हाला बोलले, ते चुकलं," नीलम्मा म्हणाल्या. "वर चढून बघायचं सोडून ठेकेदाराच्या तोंडाकडं बघत बसले. तुम्ही होता म्हणून लेकरं वाचली."

मल्लव्वानं छताकडं एकदा पाहिलं, बाळाला पाळण्यात निजवलं आणि पाळण्याची दोरी महानंदाच्या हातात देऊन ती कामावर निघाली.