एका ताटातली विद्या

मार्तंडला किळस यायला फारसं काही लागायचं नाही. रसवंतीच्या ग्लासवर दुसऱ्याच्या ओठांचा ठसा दिसला, की झालं. त्यात नोकरी बियाण्यांच्या कंपनीत, म्हणजे अर्धा आठवडा खेड्यांत. खेड्यात गेलं की चहा आलाच, आणि चहा आला की कानतुटका कप आलाच. म्हणून तो बॅगेत स्वतःचा स्टीलचा पेला ठेवायचा, हात मिळवायची वेळ आली की लांबूनच नमस्कार ठोकायचा. नवीन जालन्यातल्या ऑफिसात त्याला सगळे ‘सोवळे साहेब’ म्हणत. अरुंधती, म्हणजे त्याची बायको, तर पाहुण्यांसमोर सांगायची, “आमच्याकडे भांडी दोनदा घासतात. एकदा मी, आणि मी घासली म्हणून एकदा हे.”

एका माणसाचं उष्टं मात्र त्याला चालायचं. त्याची चार वर्षांची लेक जान्हवी रोज त्याच्याच ताटात जेवायची. वरणात बुचकळलेली तिची बोटं, अर्धी चावून परत ठेवलेली पोळी, सगळं तो निमूट खाऊन टाकायचा. दिवसभर नाक मुरडत हिंडणाऱ्या माणसाला तेवढा एक घास गोड लागायचा, आणि त्यासाठीच तो संध्याकाळी धावतपळत घरी यायचा.

जादूचं खूळ कंपनीमुळे शिरलं. शेतकरी मेळाव्यात चहा-भजी संपली की माणसं धोतर झटकून उठतात. वाणाची माहिती ऐकायला उरतात ते सरपंच आणि दोन म्हातारे. वरचे साहेब म्हणाले, लोकांना बसवून ठेवा, काहीही करा. मार्तंडला कॉलेजपासून रुबिकचा क्यूब सोडवता यायचा. मोबाईलवर बघून बघून त्यानं त्या रंगीत ठोकळ्याच्या जादू शिकायला घेतल्या. एकच फिरकी बाकी ठेवायची आणि क्यूब हवेत उडवताना ती अंगठ्यानं मारायची, म्हणजे विस्कटलेला ठोकळा वरून जुळून खाली येतो. लोकांना दोनच बाजू दाखवायच्या, बाकीच्या तळव्यात लपवायच्या. आरशासमोर रोज सराव चालायचा. पण कुंभार पिंपळगावच्या बाजारात पहिलाच प्रयोग केला आणि मागून कुणीतरी ओरडलं, “साहेब, अंगठा दिसून राह्यला!” मग काय, जे हसं झालं ते झालं.

पुढचा मेळावा भोकरदन तालुक्यात, धावड्याला. पोळा नुकताच झाला होता. समाजमंदिरात पुढच्या रांगेत एक म्हातारा बसला होता, पुंजाराम नावाचा. तोंडाचं बोळकं, गालात तंबाखू, आणि खालच्या ओठावरून सतत ओघळणारी तांबडी लाळ. मार्तंडनं त्याच्याकडे बघायचं टाळलं. तो जोडीची जादू दाखवत होता. दोन क्यूब वेगवेगळे विस्कटायचे, तरी ते सारखे निघतात असं भासवायचं. जमत नव्हतं.

“एक मला द्या,” म्हातारा म्हणाला. “एक तुमच्याकडं. तुमचा फिरवा पाहिजे तसा.”

मार्तंडनं पाठ फिरवली आणि स्वतःचा क्यूब मनाला येईल तसा फिरवला. म्हाताऱ्यानं दुसरा क्यूब मांडीवर, दोन्ही पंजांत झाकून ठेवला होता. पंजे हलले नाहीत. नुसतं चघळणं चालू होतं. मग दोन्ही क्यूब टेबलावर आले. सहाच्या सहा बाजू सारख्या. एक चौकोन इकडचा तिकडे नाही.

क्यूबच्या मांडण्या किती, हे मार्तंडला ठाऊक होतं. धावड्यातल्या सगळ्या कणसांचे दाणे मोजले तरी तेवढे भरणार नाहीत. योगायोगाचा प्रश्नच नव्हता. लोक उठायचं विसरले होते. मार्तंडला ही विद्या हवीच झाली, अगदी हावरटासारखी.

“शिकवता का?” मेळाव्यानंतर त्यानं विचारलं.

“शिकवतो की. पण एका ताटात जेवावं लागतंय. आमची रीत हाय. हात एक व्हायचे तर घास एक व्हावा लागतो.”

मळ्यातल्या घरी पुंजारामची सून, साळूबाई, एकच ताट घेऊन आली. तिनं ते दोघांच्या मध्ये ठेवलं आणि लगेच चुलीकडे सरकली. म्हाताऱ्यानं ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करली. नखं काळी, जाड, बैलाच्या खुरासारखी. मनगटापर्यंत हात आमटीत. एक घास त्यानं तोंडात घातला, हिरड्यांनी चावला, बोटं चोखली, आणि तीच बोटं परत काल्यात घालून मार्तंडसाठी घास वळला.

घासात म्हाताऱ्याच्या लाळेची तार चकाकत होती. मार्तंडनं तो हातात घेतला, तोंडाशी नेला, खोकल्याचं सोंग केलं आणि रुमालात गुंडाळून खिशात टाकला. मोकळं तोंड मात्र नीट हलवलं. जादूगाराचा अंगठा इथे तरी दिसला नाही.

“जेवले का बराबर?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“हो, पोटभर.”

साळूबाईनं चुलीकडून वळून त्याच्या खिशाकडे पाहिलं. पुंजारामनं मान डोलावली. “मंग जमलं. एक ठोकळा मी ठेवून घेतो. हात मागं घ्यायचे आन् तुम्ही फिरवायचं न्हाई. फिरू द्यायचं.”

एवढीच शिकवणी. परतताना नाल्याच्या पुलावर गाडी थांबवून मार्तंडनं रुमालासकट घास खाली फेकला. अन्न फेकलं म्हणून आईनं कान उपटला असता. पण आई कुठे बघत होती?

विद्या मात्र आली. घरी आरशासमोर त्यानं हात पाठीमागे नेले, आणि क्यूब फिरला. थर एकावर एक सरकत होते आणि त्याची बोटं स्तब्ध होती. बोटांच्या मधून दुसरी कुणाची तरी बोटं, खरखरीत, आमटीनं ओलसर, काम करत होती. त्यानं क्यूब टाकून दिला आणि साबणानं हात धुतले. मग स्वतःला समजावलं की सरावानं स्नायू आपोआप हलतात. पेटी वाजवणाऱ्याची बोटं नाही का हलत? विज्ञान आहे त्यात.

कुंभार पिंपळगावच्या बाजारात तो पुन्हा उभा राहिला. ज्यांनी अंगठा पकडला होता, तेच आता तोंड उघडं टाकून बघत राहिले. प्रेक्षकानं कसाही विस्कटलेला नवा क्यूब, आणि मार्तंडच्या पाठीमागे हुबेहूब तसाच झालेला त्याचा क्यूब. टाळ्या, शिट्ट्या. आणि ऐन टाळ्यांत त्याच्या तोंडात काहीतरी आलं.

चावलेला घास. कोमट, लगद्यासारखा, तंबाखूच्या वासाचा. जिभेवर तो इकडून तिकडे सरकला, जणू कुणी अजून चावत होतं. मार्तंड टपरीमागे पळाला आणि थुंकला. स्वच्छ लाळ पडली. दुसरं काही नाही.

दातांच्या डॉक्टरनं तोंड तपासून सांगितलं, एवढं निर्मळ तोंड जालन्यात दुसरं नसेल. पोटाच्या डॉक्टरनं दुर्बीण घातली, तिथेही काही नाही. मार्तंडनं दोघांवर विश्वास ठेवला. कंपनीत त्याचं नाव झालं होतं, तालुक्यातालुक्यांतून बोलावणी येत होती, आणि प्रत्येक टाळीबरोबर तो घास येत होता.

दिवाळीपासून तो घास टाळीची वाट बघेना. सकाळी चहा घेताना, गाडी चालवताना, केव्हाही यायचा. आणि स्वतःचं जेवण? अरुंधतीनं केलेली वांग्याची भाजी तो तोंडात घालायचा आणि ती विरून जायची. चव नाही, स्पर्श नाही, पोटात भारही नाही. तिच्या जागी तो कुणाचा तरी चोथा, आणि हळूहळू त्याला लागलेली एक कुबट, सडकी चव. दहीभातावर पू ओतावा तशी. विजार कमरेवरून घसरायला लागली. अरुंधती आधी चेष्टा करायची, “जादूगार स्वतःच गायब होतोय.” मग तिची चेष्टा थांबली.

एक दिवस जान्हवीनं नेहमीसारखा आपल्या चिमुकल्या बोटांनी घास वळला आणि बापाच्या तोंडाशी नेला. त्याच क्षणी तो दुसरा घास जिभेवर आला. मार्तंडनं तिचा हात फटकन झिडकारला. भात भिंतीवर उडाला. लेक आधी बघत राहिली, मग हुंदका फुटला.

त्या हुंदक्यानं तो खचला. सगळं जाऊ दे, नाव जाऊ दे, जादू जाऊ दे. पण लेकीच्या हातचा घास त्याला परत हवा होता. दुसऱ्याच दिवशी क्यूब घेऊन तो धावड्याला निघाला. ज्वारी हुरड्यावर आली होती. नाल्याच्या पुलावरून जाताना त्यानं खाली पाहिलं नाही.

पुंजाराम खाटेवर पडला होता. नाकात नळी. जबड्याखाली पांढरी पट्टी, तिच्या कडेनं पिवळं ओघळलेलं.

“कधीपासून?” मार्तंडनं विचारलं.

“दिवाळीच्या आदुगर आप्रेशन झालं,” साळूबाई म्हणाली. “गिळणं बिलकुल बंद. तवापासून मामंजींच्या तोंडात एक घास गेला न्हाई.”

मार्तंडच्या जिभेवर या क्षणीही काहीतरी चावलं जात होतं.

“पण अंगावर मांस आहे,” तो कसाबसा म्हणाला.

“डाक्टर बी तेच म्हणून राह्यले. नळीवरचा मानूस भरला कसा म्हणून.”

म्हाताऱ्याचे गाल खरंच भरले होते. डोळे मिटून तो संथपणे जबडा हलवत होता. बोळक्यात काही नव्हतं.

“मला जेवायचंय,” मार्तंड म्हणाला. “एका ताटात. त्या वेळी मी खाल्लं नव्हतं.”

“मला म्हाईत हाय,” साळूबाई म्हणाली. “मी लग्न होऊन आले तवापासून माझं ताट येगळं हाय, भाऊ. तुम्ही बी येगळंच ठेवायला पायजे व्हतं. जेवलो म्हणायचं न्हाई आन् जेवायचं बी न्हाई.”

पण म्हाताऱ्यानं डोळे उघडून ताटाची खूण केली होती. तिनं ताट आणलं आणि सरकली.

तीच नखं. तोच काला. पुंजारामनं घास वळला, स्वतःच्या ओठांवरून फिरवला. जखमेचं पाणी त्याला लागलं. मग हात मार्तंडकडे आला.

वास आधी पोचला. मार्तंडनं जान्हवीचा हुंदका आठवला आणि तोंड उघडलं.

कोमट. बुळबुळीत. मध्ये काहीतरी चिवट होतं, ते काय याचा त्यानं विचार केला नाही. घसा दोनदा उलटा फिरला. तिसऱ्यांदा घास खाली गेला.

आणि चव आली. ज्वारीची, मिठाची, लसणाची. खरी भाकरी. जिभेवरचं ते चघळणं थांबलं होतं. तोंड त्याचं, एकट्याचं. मार्तंड खाटेच्या पायाशी बसून ढसाढसा रडला.

“घरी,” म्हातारा कुजबुजला, “तुमच्या ताटात कोण जेवतंय?”

“लेक,” मार्तंड डोळे पुसत म्हणाला. आनंदात माणूस विचारलेलं सांगून टाकतो. “चार वर्षांची.”

“बराबर.” पुंजाराम समाधानानं कुशीवर वळला. “मंग जा जल्दी.”

मार्तंडनं आपला क्यूब तिथेच ठेवला. साळूबाईनं तो सांडशीनं उचलला. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

वाटेत भोकरदनला त्यानं भजी खाल्ली, टपरीवरच्या कपातनं चहा प्यायला. कपाचा कानही तुटका होता. काय चव होती! आज घरी जाऊन लेकीच्या हातचा घास घ्यायचा, एवढंच डोक्यात.

अरुंधतीनं पिठलं-भाकरी केली होती. दार उघडताच ती म्हणाली, “बरं झालं आलात. दुपारपासून हिनं काही खाल्लं नाही. भरवायला गेलं की तोंड फिरवते.”

मार्तंड ताटावर बसला. जान्हवी शेजारी येऊन टेकली, रोजच्या जागेवर.

“भरव बाबाला,” त्यानं तोंड पुढे केलं. “आज बाबा सगळं खाणार.”

तिनं ताटाकडे हात नेला नाही. ओठ घट्ट मिटलेले होते आणि गाल हलत होता.

“काय खातेस गं?”

तिनं तोंड उघडून दाखवलं. रिकामं.

“मी न्हाई खात, बाबा,” ती म्हणाली. घरात असं कुणी बोलत नव्हतं. “ते खाऊन राह्यले.”

मग तिनं तोंड मिटलं आणि पुन्हा चावायला लागली. सावकाश, गाल आत ओढून, जबडा आडवा फिरवत. दुधाचे सगळे दात शाबूत असलेली पोर हिरड्यांनी चावत होती.