घासणीचा दगड

यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या माळरानावर मडवॉटर नावाचं छोटं गाव आहे. तिथं मी नऊ वर्षं औषधांचं दुकान चालवलं. आर्डिस टँगेन माझं नेहमीचं गिऱ्हाईक. तिनं जे सांगितलं, तेच लिहितेय.

चौदा सप्टेंबर. रविवार. दुपारचे साडेतीन.

हो, लख्ख उन्हात घडलंय हे.

आर्डिस अडुसष्ट वर्षांची. गावाबाहेर, वडिलांच्या शेतघरात एकटीच राहायची. गुरं विकून दहा वर्षं झाली होती. घरामागच्या कुरणात एक दगड होता, उभ्या माणसाएवढा. हजारो वर्षं रानगव्यांनी त्याला अंग घासलेलं. कोपरे काचेसारखे गुळगुळीत. भोवती त्यांच्या खुरांनी पडलेला गोल चर.

गवे संपले. दगड राहिला.

तो दगड तिच्या धाकट्या भावानं, व्हर्ननं उचलून नेला.

व्हर्न गावाच्या वारसा समितीचा अध्यक्ष. आर्डिस डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात गेली आणि यानं क्रेन आणली. दगड थेट संग्रहालयाच्या अंगणात, सिमेंटच्या ओट्यावर. त्या रविवारी सकाळी फीतही कापली.

जवळच्या वस्तीतला हेक्टर समारंभाला आला होता; तो इथल्या मूळच्या क्री आदिवासींपैकी. व्हर्ननं त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय, कसा दिसतो तुमचा दगड?"

"आमचा होय?" हेक्टर म्हणाला. "मग विचारायचं राहूनच गेलं वाटतं. आमंत्रण मात्र अगदी वेळेवर मिळालं हं!"

तो कॉफी न घेताच निघून गेला.

दुपारी व्हर्न बहिणीकडे आला. तिनं त्याच्यापुढे कॉफी ठेवली. केक झाकलेलाच राहू दिला.

"तोंड का पाडलंयस? लोक लांबून येतील आता दगड बघायला."

"बाबांनी कुणाला हात लावू दिला नव्हता त्याला."

"बाबांनी तुला लग्नही करू दिलं नाही. त्याचंही कौतुक कर मग."

आर्डिसनं केकवरचं झाकण आणखी घट्ट दाबलं.

आणि वारा थांबला...

त्या माळावर वारा कधी थांबत नाही.

मग भिंतीला बाहेरून काहीतरी घासल्याचा आवाज आला.

खर्रर्र... खर्रर्र...

कपाटातल्या बश्या किणकिणल्या.

"कुणाचं तरी जनावर सुटलंय," व्हर्न उठला. "हाकलून येतो. तोवर राग आवर तुझा."

तो बाहेर पडला. आर्डिसनं आतून कडी घातली. नुसत्या संतापानं.

त्याची पावलं घराला वळसा घालून गेली. फिरून पुढच्या दारापाशी आली...

आणि दारावरून तशीच पुढे गेली.

पुन्हा एक फेरा.

"आर्डिस? अगं, दार कुठंय?"

थट्टा करतोय मेला, तिला वाटलं.

"आर्डिस... दार सापडत नाहीये गं."

आवाज भिंतीच्या कडेकडेनं सरकत होता. मग त्याच्या पावलांमागं आणखी पावलं आली... जड... खूप सारी. फुत्कार टाकणारे श्वास. त्या गदारोळात त्याचे बूट ऐकू येईनासे झाले.

तिनं कडी काढली. दार सताड उघडलं.

कुणी नव्हतं.

फक्त धूळ... उजवीकडून डावीकडे वाहणारी.

"आर्डिस!" अगदी समोरून धापा टाकत आवाज आला आणि पुढे सरकला.

तिनं त्याला धरायला हात घातला...

हाताला केस लागले. दाट, राठ, उन्हानं तापलेले.

मग वारा सुटला.

व्हर्नची गाडी अंगणात तशीच उभी होती. घराभोवती मात्र गुडघाभर खोल गोल चर पडला होता. तळ दगडासारखा कठीण, शेकडो वर्षं तुडवल्यासारखा. घराच्या चारी कोपऱ्यांचा रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं.

पोलिसांनी कुत्री आणली. ती चरात उतरली आणि गोल गोल फिरत राहिली. शेवटी उचलून बाहेर काढावी लागली.

व्हर्न आजवर सापडलेला नाही.

आर्डिसनं समितीला पत्र लिहिलं, दगड होता तिथं नेऊन ठेवा. उत्तर आलं... संग्रहालयाच्या अंगणाला आता व्हर्नचं नाव दिलंय, ते मोकळं कसं ठेवायचं?

दर वसंतात ती चर मातीनं बुजवते. पानगळीपर्यंत तो पुन्हा पडलेला असतो.

कडी किती वेळ लावलेली होती, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा तिनं पाच मिनिटं सांगितलं. तसंच नोंदवलं गेलं.

मला मात्र एकदा, दुकानात दुसरं कुणी नसताना, म्हणाली, "पाऊण तास. तो हाका मारत होता आणि मी दोन कप कॉफी प्याले." पर्समधून पैसे काढले. "मला बरं वाटत होतं गं."

मी तिच्या गोळ्या बांधून दिल्या. त्यानंतर ती आली की मी मागच्या खोलीत जायची.