हेलिकॉप्टरवर अजून एक थर

"ब्राऊन आयशॅडो आहे? चमकणारी नको. आणि एक काळपट," काउंटरपलीकडून तो म्हणाला.

बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या कॉस्मेटिक्सच्या दुकानात पुरुष एकटा आला, की एक तर त्याला बायकोने पाठवलेलं असतं, नाहीतर तो बायकोची समजूत काढायला काहीतरी न्यायला आलेला असतो. हा दुसऱ्या प्रकारातला वाटला. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या आणि इतका अवघडलेला, की मला त्याची फिरकी घेतल्याशिवाय राहवेना.

"वहिनींचा स्किन टोन काय आहे?" मी विचारलं.

"हिरवा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "...आणि तपकिरी. पट्ट्यापट्ट्यांचा. पोटाकडे थोडा फिकट."

गल्ल्यावर बसलेल्या अनसूया आत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. दुकान तिचं. मी तिथे नवऱ्यामुलींचे मेकअप करते आणि मधल्या वेळात काउंटर सांभाळते. त्याने घाईघाईने मोबाईल काढून फोटो दाखवला. वीतभर लांबीचं लष्करी हेलिकॉप्टर होतं, चेतक. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून त्याने ते घरी बनवलं होतं, रंगवलंही होतं. आता ते मळवायचं होतं. धुराची काजळी, तेलाचे ओघळ, धूळ, चिखल... खूप उडून आलेलं वाटलं पाहिजे. त्यासाठी आयशॅडोची भुकटी सगळ्यात बेस्ट, असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं.

"म्हणजे वहिनी नाहीत?" मी विचारलं. आवाज शक्य तितका दुकानदारासारखा ठेवला होता.

"नाहीत," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. खळी एकाच गालावर पडली. माझं लक्ष तिथेच राहिलं, हे मी आता कबूल करायला हरकत नाही.

तो शेल्फवरून एक डबी उचलून म्हणाला, "हा ब्राऊन चालेल." ती डबी मेंदी रंगाची होती. मी तसं सांगितल्यावर त्याने ती उजेडात धरून पाहिली आणि मुकाट्याने जागेवर ठेवली.

"मला हिरवा आणि तपकिरी सारखेच दिसतात," तो म्हणाला. "रंगाच्या बाटल्यांवर नावं असतात, म्हणून निभावतं."

मी फोटो पुन्हा पाहिला. शेपटीजवळचा एक पट्टा अर्धा हिरवा होता आणि अर्धा तपकिरी. माणसाने काय जिद्दीने रंगवलं असेल ते! मग असलं दुरंगी काम घेतलंच कशाला, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बाबांसाठी."

त्याचं नाव धनेश. राहायला नवघरला, नोकरी बँकेत. त्याचे बाबा गुणवंतकाका एअर फोर्समध्ये तंत्रज्ञ होते, चेतक त्यांच्या हाताखालून उडायची. लहानपणी रोज जेवताना हेलिकॉप्टरच्या गोष्टी असायच्या. बारावीनंतर धनेश एअर फोर्सच्या मेडिकलला गेला आणि रंग ओळखता येत नाहीत म्हणून परत आला. त्या दिवसापासून घरात हेलिकॉप्टरचं नाव निघालं नाही. बाबा रागावले नाहीत, काही बोललेच नाहीत. आता त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नव्या डोळ्यांनी त्यांनी आधी त्यांची मशीन बघावी आणि काहीतरी बोलावं, एवढंच त्याला हवं होतं.

"काहीही बोलले तरी चालेल," तो म्हणाला.

एवढं सगळं दोन डब्या आयशॅडोवर कसं सोडायचं? माझं तोंड माझ्या आधी धावतं. मी म्हटलं, "इथे घेऊन या. रंग मी बघते."

घरी बाबांच्या नजरेला पडू नये म्हणून तो संध्याकाळी बँकेतून सुटला की खोक्यातून हेलिकॉप्टर घेऊन आमच्याकडे येऊ लागला. दुकानाच्या मागच्या बाजूला, जिथे मी नवरीच्या मेकअपची ट्रायल घेते, त्या गोल दिव्याखाली आम्ही बसायचो. आजवर मी लोकांचे डाग झाकले होते. आता एकेक डाग विचार करून पाडायचा होता. शेपटीचा पट्टा मी आधी नीट करून घेतला. मग स्पंजचा तुकडा फाडून चंदेरी आयलायनरमध्ये बुडवला आणि दारांच्या कडांना टिपला, तर रंग उडून आतला पत्रा दिसतोय असं वाटायला लागलं. काजळाची काजळी झाली. कुठे काय हे तो सांगायचा, कोणता रंग ते मी.

"धूर कुठे जाईल?" मी विचारायचे.

"वाऱ्याबरोबर मागे... असा." तो माझं बोट धरून शेपटीकडे ओढायचा. बोट सोडायचं मात्र त्याच्या लक्षात राहायचं नाही. जास्तीची भुकटी उडवायला तो हळूच फुंकर मारायचा, ती नेमकी माझ्या मनगटावर यायची.

"तुम्ही नेम चुकवता," मी एकदा म्हटलं.

"तू हात हलवतेस," तो म्हणाला. मग आपण 'तू' म्हणालो हे लक्षात येऊन डबीचं झाकण लावायला लागला. मीही ब्रश धुवायला उठले, धुतलेलाच ब्रश.

मिठागरांकडून येणारा खारा वारा त्या दिवसांत फार छान लागायचा. त्याला रिक्षापर्यंत सोडायला जायचं काही कारण नसायचं. मी जायचे.

खरं तर काम लवकरच झालं होतं. शेवटची पायरी उरली होती, फिक्सिंग स्प्रेची. नवरीचा मेकअप पूर्ण झाला की वरून तो मारतात. मग काही हलत नाही, पुसत नाही. इथेही तेच होतं. स्प्रे मारला की काम संपलं. काम संपलं की धनेशने आमच्या दुकानात कशाला यायचं?

म्हणून मी म्हणायचे, अजून एक थर हवा. चाकांना चिखल कमी वाटतोय. काचेखाली धूळ नाही. पोटावर तेलाचा ओघळ अजून एक हवा. तो मान डोलवायचा. त्यात काकांची शुगर वाढल्याने ऑपरेशन पुढे गेलं आणि ते माझ्या चांगलंच पथ्यावर पडलं. एका म्हाताऱ्या माणसाची शुगर आणखी थोडे दिवस चढी राहावी, असं मला वाटायचं. प्रेमात माणूस किती नीच होतो, ते मला तेव्हा कळलं.

"अगं, हेलिकॉप्टर आहे की म्हशीचं पारडू?" आत्या म्हणाली. "किती चिखल थापशील?"

मी ऐकलं नाही.

अखेर ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली, तेव्हा धनेशचा फोन आला. "तुझ्यामुळे झालंय. दाखवताना तू पाहिजेस," तो म्हणाला. मी दागिने घालावेत की नाही याचा विचार करत नवघरला पोचले.

टॉवरांच्या मधे त्यांचं जुनं बैठं घर अजून टिकून होतं. उंबऱ्याला दिवाळीचा लाल ऑइलपेंट चकचकीत दिसत होता. काळा चष्मा लावून गुणवंतकाका खुर्चीत बसले होते. धनेशने खोकं उघडलं. काकांनी चष्मा काढला, हेलिकॉप्टर दोन्ही हातांत घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं. धनेशने श्वास रोखला होता, मला दिसत होतं.

"फडका दे," काका म्हणाले.

धनेशने मऊ फडका आणून दिला. काका पुसायला लागले. चाकांचा चिखल गेला, काचेखालची धूळ गेली, पोटावरचे ओघळ गेले. इतक्या संध्याकाळी डोळ्यांदेखत फडक्यावर उतरत होत्या. धनेशचा चेहरा इतका पडला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"आमची मशीन अशी नव्हती कदी," काका म्हणाले. "उडून आली की पयली पुसायची, मग जेवायचं. कोनी मलवली एवडी?"

"मी," मी म्हणाले. "याची चूक नाही, काका. काम केव्हाच झालं होतं. पण संपवायचं नव्हतं मला. संपलं असतं, तर हा यायचा थांबला असता. म्हणून मी थरावर थर देत गेले."

बोलून झाल्यावर मी काय बोलले ते मला कळलं.

"मला माहीत होतं," धनेश हळूच म्हणाला.

"काय?"

"रंग कळत नाहीत मला. पण जास्त झालंय, हे कळत होतं. खूप आधीपासून." आणि ती एका गालावरची खळी आली. "मी म्हटलं असतं 'बास', तर... संपलंच असतं ना."

काका आमच्या दोघांकडे आलटून पालटून बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. डोळ्यांवर ताण नको म्हणून डॉक्टरांनी हसायचंही बेतानं सांगितलं असावं, कारण त्यांनी लगेच चष्मा लावला.

"एक डाग मातर खरा हाय," ते म्हणाले, "तो तुमी केलाच न्हाय." त्यांनी दाराखालच्या कडेवर बोट ठेवलं. "पुरातून मानसं उचलून आनायचो. उतरली की बोलायची न्हाय काय. हितं हात लावायची नी मग कपालाला, देवलाचा उंबरा असावा तशी. हात लागून लागून रंग पार गेलता. सगली मशीन मी रंगवायचो, पन ती जागा सोडून."

"हे कधी सांगितलं नाहीत, बाबा," धनेश म्हणाला.

"तुला मेडिकलात काढला. म्हटलं, मशीनचं नाव घेतलं तर पोराला लागंल."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटते," धनेश म्हणाला. काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

मी पर्समधून चंदेरी आयलायनर काढला आणि स्पंजने दाराखाली हलकेच टिपू लागले. धनेश माझ्या खांद्यावरून बघत होता. "अजून थोडं... अजून... आता बास," तो म्हणाला. अगदी नेमक्या जागी म्हणाला. काकांनी वाकून पाहिलं आणि मान हलवली.

फिक्सिंग स्प्रे पर्समध्ये होताच. मी तो हातात धरून उभी राहिले. इतके दिवस टाळलेलं काम आता करायचं होतं.

"मार," धनेश म्हणाला. "संपू दे. मी येणारच आहे. उद्या. परवा. रोज."

मी स्प्रे मारला. सगळीकडे सारखा बसला.

निघताना मी उंबऱ्यापाशी चप्पल घालायला वाकले. मला आत्या आठवली, काकांची चढलेली शुगर आठवली, धनेशच्या हातातली ती मेंदी रंगाची डबी आठवली. त्याला हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसले असते, तर हा माणूस हवी ती डबी घेऊन निघून गेला असता. कोणाचे आणि कसे आभार मानायचे ते कळेना. माझा हात आपोआप उंबऱ्याला लागला आणि कपाळाकडे गेला.

काका खुर्चीतून बघत होते. नव्या डोळ्यांना सगळंच स्पष्ट दिसत असावं.

"धनेश," ते म्हणाले, "येत्या दिवालीला उंबऱ्याला रंग लावू नको रं. ही जागा सोड."