एक बूट मोठा, एक बूट लहान

केतकीच्या मामाच्या दुकानात माणसांची नुसती रीघ लागली होती, आणि तरी तिथून बुटांचा एक जोडही विकला जात नव्हता.

दुकान म्हणजे खरं तर इंटरनेटवरचं एक पान. फलटणला घराच्या ओसरीत बसून प्रल्हादमामा बूट शिवायचा आणि त्या बुटांचे फोटो केतकीनं पानावर लावले होते. खालच्या कोपऱ्यात किती लोक येऊन गेले त्याचा आकडा दिसायचा. शाळेत जाताना पाहिलेला आकडा संध्याकाळपर्यंत कितीतरी वाढलेला असायचा. सुरुवातीला केतकी तो मामाला ओरडून सांगायची. मामा सुई थांबवून हसायचा.

"आणि जोड मागितला का गं कुणी?"

नव्हता मागितला. लोक यायचे, क्षणभर थांबायचे आणि निघून जायचे. का, ते केतकीला कळत नव्हतं.

मामाचे बूट चांगले नव्हते असं कुणी म्हणालं नसतं. साधे बूट तर आता यंत्रंच करत होती. कारखान्यात माणूस दिसतही नसे. पण मामा जे करायचा ते कुठल्या कारखान्यात होत नव्हतं. काही मुलांचा एक पाय जन्मापासूनच लहान असतो, काहींचा आजारपणात वाढायचा राहून जातो. बाजारात जोड मिळतो तो दोन्ही पायांना एकाच मापाचा. मग ही मुलं मोठ्या पायाच्या मापाचे बूट घेतात आणि लहान पायाच्या बुटात कापूस कोंबतात. मामा दोन वेगवेगळे फर्मे (ज्यावर बूट ओढून शिवतात ते पायाच्या आकाराचे लाकडी साचे) घ्यायचा आणि असा जोड शिवायचा, की समोर ठेवला तर फरक दिसावा, पण पायात घातल्यावर दिसू नये. आसपासच्या गावांतली मुलं त्याच्याकडे यायची. पण अशी मुलं एका तालुक्यात असणार तरी किती?

म्हणूनच केतकीनं पान तयार केलं होतं. तेव्हा ती सहावीत होती. काय लिहायचं ते मामानं सांगितलं होतं. "लिही, एक पाय मोठा आणि एक पाय लहान असलेल्यांसाठी बूट शिवून मिळतील."

केतकीनं नाक मुरडलं होतं. "शी, मामा! वाचताना दवाखान्यातच गेल्यासारखं वाटतं. लोक पळून जातील."

"मग काय लिहितेस?"

"सुंदर, आकर्षक, आरामदायी बूट. लग्नासाठी, समारंभासाठी, रोजच्यासाठी. कसं वाटतं?"

"झकास वाटतं," मामा म्हणाला होता. "तुला कळतं त्यातलं."

दोन वर्षांनी मामानं शिलाईचं मशीन विकलं. फर्मे बारामतीच्या एका कारागिराला देऊन टाकले. चाकणच्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. यंत्रं खोकी भरतात, त्यांवर नजर ठेवायची, एवढंच. जाताना तो केतकीला म्हणाला, "तुझी काही चूक नाही गं. लोकांना नको असेल तर काय करणार?" केतकीनं मान डोलावली. तिलाही तसंच वाटत होतं.

पुढच्या हिवाळ्यात शाळेची सहल साताऱ्याच्या विज्ञानकेंद्रात गेली. तिथं एक अंधारं, गोल दालन होतं. आत पाऊल टाकलं की छतभर लुकलुकणारे ठिपके दिसायचे. दारात स्टुलाएवढ्या उंचीचा, तीन चाकांवर चालणारा एक रोबो उभा होता.

"मी धुंडिराज," तो म्हणाला. "मुलं मला धुंडी म्हणतात. वरचा प्रत्येक ठिपका म्हणजे आपल्या राज्यात कुणीतरी या घडीला इंटरनेटवर शोधत असलेली एक गोष्ट आहे. कोण शोधतंय ते मला दिसत नाही, दिसूही नये. फक्त शब्द दिसतात आणि जिल्हा दिसतो."

बाकीची मुलं पुढच्या दालनात पळाली. केतकी रेंगाळली.

"धुंडी, बूट शोधणारे दाखवशील?"

छताचा मधला भाग एकदम उजळला. ठिपके इतके दाट, की वेगवेगळे दिसेनात.

"बापरे! एवढ्या सगळ्यांना बूट हवेत?"

"तसं नाही. नुसतं 'बूट' लिहिणारा माणूस काय करत असेल? कुणी चित्र काढण्यासाठी फोटो बघतंय, कुणी वेळ घालवतंय. कुणाला बूट घ्यायचेत, पण कसले ते अजून ठरलेलं नाही." धुंडीनं एक हात वर केला. "आता मी एकेक शब्द वाढवतो. बघ हं. शाळेचे बूट."

गर्दी बरीच विरळ झाली.

"शाळेचे काळे बूट, मुलींसाठी."

आता मोजता येतील इतके ठिपके उरले.

"शोधताना आपण जे लिहितो त्यांना शोधशब्द म्हणतात," धुंडी म्हणाला. "शोधशब्द जितके नेमके, तितकी माणसं कमी. पण जो उरतो, त्याला काय हवं ते पक्कं ठाऊक असतं. हवं ते दिसलं तर तो घ्यायला तयार असतो. हातात पिशवी घेऊन बाजारात आलेला माणूस आणि सहज फिरायला आलेला माणूस, यांत फरक असतो ना?"

"पण त्याला दुकान सापडतं कसं?"

"पुस्तकाच्या शेवटी सूची असते, पाहिलीस? कुठला शब्द कुठल्या पानावर आहे, ते सांगणारी. शोधयंत्राकडे (आपल्या शब्दांशी जुळणारी पानं शोधून देणाऱ्या संगणकांकडे) साऱ्या इंटरनेटची तशी सूची असते. हल्ली ते जवळच्या अर्थाचे शब्दही ओळखतं. पण पानावर त्या अर्थाचं काहीच नसेल, तर ते बिचारं काय दाखवणार?"

केतकीनं हळूच विचारलं, "एक पाय मोठा, एक लहान. असे बूट शोधणारं आहे कुणी?"

छत जवळजवळ काळं झालं. कडेला तीनचार ठिपके उरले, एकमेकांपासून लांब लांब.

"आत्ता एवढेच," धुंडी म्हणाला. "मागच्या काही वर्षांतले दाखवू?"

आणखी काही ठिपके उमटले. एक ठिपका नांदेड जिल्ह्यात होता. शाळा सुरू व्हायच्या सुमारास तो दर वर्षी उजळायचा, आठवडाभर पुन्हा पुन्हा लुकलुकायचा आणि विझायचा. दर वेळी शब्द थोडे बदललेले असायचे. 'एक पाय लहान मुलीसाठी बूट.' मग 'दोन मापांचा एक जोड मिळेल का.' मग 'लहान पायाचा बूट निसटतो काय करावे.' यंदाच्या जूनमध्ये ठिपका उजळलाच नाही.

"यंदा का नाही?"

"मला माहीत नाही. विचारणं थांबलं, एवढंच मला दिसतं."

"त्या मुलीला बूट मिळाले असतील."

"असतील."

"किंवा तिनं नाद सोडला असेल."

"तेही असेल," धुंडी म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

केतकी खाली फरशीवर बसली. ती वर्षं तिला आठवत होती. मामा ओसरीत बसलेला होता. मशीन होतं, फर्मे होते. "माझ्या मामाचं पान तेव्हा होतं. तिला ते दिसलं का नाही?"

धुंडीनं पान शोधून वाचलं. त्याला वेळ लागला नाही. "या पानावर तिचा एकही शब्द नाही."

"बूट आहे की!"

"बूट सगळ्यांच्याच पानावर आहे. 'सुंदर', 'आकर्षक', 'लग्नासाठी' हे शब्द वाचून शोधयंत्रानं इथं लग्नाचे चकचकीत बूट बघणाऱ्यांना पाठवलं. त्यांना इथं शाळेचे काळे बूट दिसले. ते परत गेले."

कोडं सुटलं होतं. पण ते सुटलं म्हणून केतकीला मुळीच आनंद झाला नाही. "तिला आता कळवता येईल?"

"नाही. ती कोण ते कुणालाच माहीत नाही."

घरी आल्यावर तिनं मामाला फोन लावला. बोलताना तिला रडू फुटलं. तरी तिनं सगळं सांगितलं. मामाच्या मागं कारखान्यातल्या खोकी वाहणाऱ्या पट्ट्यांची घरघर ऐकू येत होती.

"दर वर्षी शोधायची म्हणतेस?" त्यानं विचारलं.

"हो."

"मीही तिथंच बसलेला असायचो गं."

"तू सांगितलं होतंस, मामा. मीच ते काढून टाकलं."

"मीसुद्धा झकास म्हणालो होतो." मामा म्हणाला. "बरं, रडू नकोस. आता काय करायचं म्हणतेस?"

"पान पुन्हा लिहायचंय. पण मी निघताना धुंडी म्हणाला, जे देता येईल तेवढंच लिही. नाहीतर शोधणाऱ्याची दुसऱ्यांदा निराशा होते. तुझ्याकडे तर आता काहीच नाही."

मामा म्हणाला, "हात आहेत. सुट्टीला येतो तेव्हा हातानं शिवेन. फर्मे लाकडातून कोरून घेऊ. महिन्याकाठी एखादाच जोड होईल."

"तसंच लिहू?"

"तसंच लिही."

या वेळी केतकीनं आधी विचारून घेतलं, की दारात आलेली माणसं नेमकं काय बोलायची. मामाला सगळं आठवत होतं. कुणी म्हणायचं, "एक मोठा, एक लहान असं देता का?" कुणी म्हणायचं, "पोराचा डावा बूट चालताना निसटतो हो." केतकीनं ती वाक्यं जशीच्या तशी लिहिली. खाली लिहिलं, 'दोन पायांना दोन मापांचे शाळेचे काळे बूट. हातानं शिवतो. महिन्याला एकच जोड होतो, थांबावं लागेल.' सुंदर, आकर्षक वगैरे सगळं तिनं पुसून टाकलं.

पानावरची गर्दी ओसरली. आकडा दिवसचे दिवस हलेनासा झाला. आई काळजीनं म्हणाली, "आधी निदान लोक येत तरी होते." पण केतकीनं पान तसंच ठेवलं. त्या काळ्या छताच्या कडेचे ठिपके तिच्या डोळ्यांसमोर होते.

मग एका दुपारी परभणीहून निरोप आला. शकील शेख नावाच्या बसचालकानं एवढंच लिहिलं होतं, "हे खरं आहे का?"

केतकीनं आईला बोलावून लगेच फोन लावला. शकीलभाईंच्या मुलाच्या, जुनैदच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा लहान राहिला होता. तो पहिलीत जाणार होता. "डॉक्टर म्हणले, आता चालू द्या त्याला," शकीलभाई सांगत होते. "पण कशात चालणार हो? मी लिहिलं, लहान पायाचा बूट निसटतो, तर तुमचंच पान वर आलं."

केतकीला राहवलं नाही. "काका, तुम्ही याआधी कधी शोधलं होतं? दर वर्षी?"

"नाही बेटा. पहिल्यांदाच शोधलं."

तिनं विचारलं होतं ते उगाचच. नांदेड वेगळं, परभणी वेगळी. तरीही तिला वाटून गेलं होतं, की नांदेडचा तो ठिपका हाच असावा.

मामा सुट्टी घेऊन आला. शकीलभाई जुनैदला घेऊन फलटणला आले. मामानं त्याचे दोन्ही पाय कागदावर ठेवून आखून घेतले, बोटानं चाचपले, गुदगुल्या झाल्यावर जुनैद खिदळला तेव्हा थांबला आणि पुन्हा चाचपले. मशीन नव्हतं, त्यामुळे त्या सुट्टीत एकच बूट झाला. पुढच्या सुट्टीला उरलेला बूट झाला.

जुनैद पुन्हा आला त्या दिवशी ओसरीत सगळेच जमले होते. मामानं बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि हात काढून घेतला. जुनैद उभा राहिला. आधी त्यानं खाली पाहिलं, मग एकेक पाय उचलून आपटला. बूट पायातच राहिले. तो ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. शकीलभाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"पुढच्या वर्षी पाय वाढलेला असेल," मामा म्हणाला. "तेव्हा पुन्हा माप घ्यायला हवं. जालन्याहूनही एकानं विचारलंय. बघू, एखादं जुनं मशीन मिळतं का."

केतकी पायरीवर बसली होती. तिला खूप बरं वाटत होतं आणि तितकंच वाईटही वाटत होतं. नांदेडची ती मुलगी आता केवढी असेल, यंदा ती काय घालून शाळेत गेली असेल, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

जुनैद येऊन तिच्यासमोर उभा राहिला. "हे बूट तू केले?"

"नाही. माझ्या मामानं."

"मग तू काय केलंस?"

केतकीनं जरा विचार केला. "मी उशीर केला," ती म्हणाली.

त्याला ते समजलं नाही. समजून घ्यायला त्याला सवडही नव्हती.

"मी पळून दाखवू?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरून तो अंगणात पळत सुटला.