तिसऱ्या बांधीतली रुकावट

धान गर्भात आलं होतं आणि तुडतुडे दिसू लागले होते, म्हणून अश्विनातल्या त्या दुपारी चारच्या सुमाराला नूतननं फवारणीचं ड्रोन अंगणात काढलं. काम नेहमीचंच. हिरालालनं औषध कालवून टाकीत ओतलं. तिनं ड्रोन उतरायची नारिंगी चटई अंथरली, पंखे पुसले. नवेगाव बांधाच्या तलावाकडून वारा येत होता, पण अगदी मंद.

"वारं पाहिलं का वो?" कुंपणापलीकडून मंदाबाईनं विचारलं. तिच्या हातात सूप असायचं आणि डोळे शेजारच्या अंगणात. "प्रेमिला तं मूठभर माती उडवून पाहे."

"रिमोटवर दिसते वारं, मावशी."

"दिसत असन माय. मी आपलं तिचं सांगितलं."

जो तो आपलं तिचंच सांगायचा. प्रेमिला म्हणजे हिरालालची पहिली बायको. गावात ड्रोन पहिल्यांदा उडवलं ते तिनं. डावखुरी, हसरी बाई. गेल्या अश्विनात फवारणी चालू असतानाच तिसऱ्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या तिसऱ्या खाचराच्या, धुऱ्यावर तिला साप चावला. रिमोट हातातून सुटला, ती पडली. ड्रोन मात्र बॅटरी उतरल्यावर आपणहून वळलं आणि अंगणातल्या चटईवर अलगद येऊन बसलं. यंत्रात ते बसवलेलंच असतं. बॅटरी सरत आली की जिथून उडालं तिथं परतायचं. ड्रोन एकटंच आलेलं पाहून हिरालाल धावला. तोवर सगळं संपलं होतं.

उन्हाळ्यात नूतन हिरालालची दुसरी बायको होऊन या घरात आली. ड्रोन बायकांच्या बचत गटाचं; गटानं ते याच घरी राहू दिलं. नूतन शिकून आली, परीक्षा पास झाली. पण टाकीवर प्रेमिलाच्या डाव्या हाताची हळदीची पाच बोटं तशीच होती, शेवटच्या दसऱ्याला उमटवलेली, अंगठा उजवीकडे. एक दिवस नूतननं ती रॉकेलनं घासून काढली. हिरालालनं पाहिलं आणि एक शब्द बोलला नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

आणि ती हाक! सवयीनं त्याच्या तोंडी "प्रेमिला" यायचं. नूतननं ठरवूनच टाकलं होतं, आपलं नाव येईस्तोवर ओ द्यायची नाही. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी चालेल. दोनदा-तीनदा चुकल्यावर तो "नूतन" म्हणे, मगच ती उठे. या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

ड्रोन उडालं. पहिली बांधी झाली, दुसरी झाली. तिसरीत, धुऱ्याजवळ, ते हवेतच थबकलं.

"आगे रुकावट है," रिमोटमधली बाई म्हणाली. "विमान रुक गया है."

पुढं काहीच नव्हतं. हिरवं धान आणि त्यावर पडलेलं तिरकं ऊन. ड्रोन थोडा वेळ घोंगावत राहिलं, मग कुणाला वळसा घालावा तसं अर्धगोल फिरून पुढं गेलं.

"बगळा असन," नूतन म्हणाली.

हिरालाल तिकडंच पाहत होता. "तिले वाट देऊन राहिलं..." तो हळूच बोलला. त्याच्या आवाजात भीती असती तर नूतननं समजून घेतलं असतं. पण त्यात माया होती.

घरामागून सुरू होणाऱ्या बांध्या अर्ध्या गावाच्या होत्या, काम चार दिवसांचं. दुसऱ्या दिवशी पुढच्या बांध्यांकडं जाताना ड्रोन दुसऱ्या बांधीतच थांबलं. तिसऱ्या दिवशी पहिलीत. दमलेलं माणूस थांबत थांबत घराकडं यावं, तसं काहीतरी जवळ येत होतं. आणि जिथं ड्रोन थांबे, तिथून औषधाच्या उग्र वासातही ओल्या हळदीचा वास येई.

"आज उडवू नको वो," चौथ्या दिवशी हिरालाल म्हणाला.

"काऊन? ती घरी येऊन राहिली म्हणून? येऊ द्या ना! तुमाले तं बरंच हाये!"

तो औषध कालवायला बसला.

त्या दिवशी ड्रोन शेताकडच्या कुंपणापाशी थांबलं. उडाल्या उडाल्याच, नूतनपासून वीस पावलांवर. "आगे रुकावट है..." कुंपणाच्या फटीत कुणी नव्हतं. मंदाबाईचं सूप मात्र पाखडायचं थांबलं होतं.

नूतननं रिमोटवर बोट फिरवलं आणि रुकावट ओळखायची सोय बंद करून टाकली. पुढं काही असो, यंत्र आता थांबणार नव्हतं. सहा पंखे, एकेक विळ्यासारखा. तिनं दात आवळले आणि ड्रोन सरळ पुढं काढलं.

पंख्यांचा आवाज क्षणभर जड झाला. ओल्या कापडातून जावा तसा. मग मोकळा झाला.

"गेली," नूतन म्हणाली. तिला हसू आलं. तिनं सोय परत चालू केली आणि राहिलेल्या बांध्यांवर औषध मारलं. ड्रोन कुठंही थांबलं नाही.

"बॅटरी कम है. विमान घर लौट रहा है."

ड्रोन वळलं. बांध्या खोलात, अंगण उंचावर. म्हणून ते कुंपणावरून आलं ते माणसाच्या डोक्याइतक्या उंचीनं. चटई नूतनच्या मागं होती आणि ती वाटेत उभी होती. ते थांबणार हे तिला ठाऊक होतं. पुढं माणूस असलं की थांबायचंच, हे ती परीक्षेत लिहून आली होती.

ते थांबलं नाही.

तिनं हात हलवला. रिमोटमधली बाई गप्प होती. पडद्यावर एवढंच होतं... सामने रास्ता खाली है. नूतनचे पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले. वाऱ्यानं पदर उडाला, डोळ्यांत धूळ गेली...

"प्रेमिला, बाजूले हो!" हिरालाल ओरडला.

ड्रोन तिच्या तोंडापुढं हातभर अंतरावर थबकलं.

"आगे रुकावट है," बाई म्हणाली.

मग ते हळूच तिला वळसा घालून चटईवर उतरलं.

रात्रभर नूतनला ताप होता. सकाळी उतरला. अंग हलकं झालं होतं, कुणावर राग म्हणून राहिला नव्हता. ती अंगणात ड्रोनपाशी येऊन बसली.

"बोटं लावली का वो टाकीले?" मंदाबाई कुंपणावरून डोकावली. "चांगलं केलं माय. पण डाव्या हातानं कायले?"

"मी कायले लावू, मावशी?" नूतन हसली. सकाळपासून ती चुलीकडं की हळदीच्या डब्याकडं फिरकलीसुद्धा नव्हती.

मग तिनं टाकीकडं पाहिलं. पाच बोटं, ओली, पिवळीजर्द. अंगठा उजवीकडे. तिनं आपला डावा हात उलटा केला. पाचही बोटांची टोकं पिवळी होती.

"प्रेमिला," आतून हिरालालनं सवयीनं हाक मारली, "चहा ठेव वो."

"आली," ती म्हणाली, आणि उठली.